नव्या यंत्राला पहिला पैसा कोणी द्यायचा?



उसाला कर्ज मिळते, कारण उभे पीक डोळ्यांना दिसते आणि वसुली ऊसबिलातून होते. विहिरीला मिळते, गाईला मिळते. पण आपल्याच भागातला एखादा हुशार फिटर म्हणाला, “पाचट कुट्टी करणारे हलके यंत्र डोक्यात आहे, दोन वर्षे प्रयोग करावे लागतील,” तर त्याच्यामागे कोण उभे राहणार? बँक तारण मागते. डोक्यातले यंत्र काही सात-बारावर चढत नाही!

हाच पेच अमेरिकेलाही पडला होता. तिथले सरकार संशोधनावर अफाट खर्च करी, पण तो पैसा बहुतेक बड्या कंपन्यांकडे आणि विद्यापीठांकडे जाई. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेतील रोलँड टिबेट्स यांनी १९७७ च्या सुमारास लहान उद्योगांसाठी निराळी योजना चालवून दाखवली. ती पटली आणि २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रेगन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एसबीआयआर’ म्हणतात. लहान म्हणजे किती, तर पाचशे कामगारांपर्यंत. आपल्याकडे त्याला कोणी लहान म्हणणार नाही, ते सोडा.

या कायद्याची मेख आपल्याला लगेच उमजेल, कारण ती कपातीची आहे. ज्या सरकारी खात्याचा बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचा खर्च वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर, त्याने त्यातला ठराविक हिस्सा लहान उद्योगांसाठी बाजूला काढायचाच. सुरुवात ०.२ टक्के, पुढे चढत १.२५ टक्के आणि २०१७ च्या आर्थिक वर्षापासून ३.२ टक्के. विद्यापीठांनी विरोध केला, पण कायदा झालाच. मांजरीची आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली उभी राहिली, तीही कारखान्यांच्या टनामागच्या वर्गणीवरच वाढली. थेंबे थेंबे तळे साचते ते असे.

पैसा मात्र एकदम हातात पडत नाही. पहिला टप्पा साधारण सहा महिन्यांचा. कल्पना चालण्याजोगी आहे की नाही, एवढेच त्यात पाहायचे. सुरुवातीच्या काळात त्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत मिळत. पास झाला तर दुसरा टप्पा दोन वर्षांचा, त्यात नमुना बनवायचा, मर्यादा ५ लाख डॉलर. तिसरा टप्पा बाजाराचा. तिथे या योजनेचा पैसा बंद. आपण त्रिस्तरीय बेणेमळा करतो ना, तसेच हे. पायरी चुकवून बेणे थेट रानात नेत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी. आपले सहकारी कारखाने उभे राहिले तेव्हा सरकारने भागभांडवल घातले, म्हणजे शेअर घेतले. तिथे या पैशापोटी सरकार ना शेअर घेते, ना व्याज. शोधाचा हक्कही उद्योगाकडेच राहतो. मोबाइल फोनच्या तंत्रात नाव काढलेल्या क्वालकॉम कंपनीला उमेदीच्या दिवसांत याच योजनेचा हात मिळाला होता.

खोट नाही असे नाही. काही कंपन्या माल विकायचे सोडून अनुदानावर अनुदान घेऊनच जगू लागल्या. म्हणून २०११ च्या दुरुस्तीत, वारंवार पैसा घेणाऱ्यांनी बाजारात काय आणले याचा हिशेब मागण्याची तरतूद झाली. फुकटचा पैसा आळशी करतो, हे सहकारात आपण पाहिलेच आहे.

भारतातही वाट पडली आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली याच धर्तीवर ‘एसबीआयआरआय’ योजना सुरू केली आणि २०१२ मध्ये अशा कामासाठी ‘बायरॅक’ ही संस्था काढली. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २०१८-१९ पासून शेतीतील नव्या उद्योगांसाठी सुरुवातीच्या पायरीला ५ लाख आणि पुढच्या पायरीला २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय झाली.

पण खरी अडचण तिसऱ्या टप्प्यावर येते. यंत्र तयार होते, पहिले गिऱ्हाईक मिळत नाही. अमेरिकेत पहिल्या दोन टप्प्यांतून आलेला माल सरकारी खाते नव्याने टेंडर न काढता घेऊ शकते. आपला कारखाना सरकार नव्हे, हे खरे. तरी चाचणीला पाच-दहा एकर रान, शेतकी खात्याचा एक माणूस आणि यंत्र पसंत पडले तर पहिल्या नगांची खरेदी, एवढे देणे आपल्या हाताबाहेरचे नाही.

नाहीतर पोरगा पुण्याला नोकरीला जाईल आणि त्याची कल्पना वर्कशॉपच्या भंगारात पडून राहील. पाचट मात्र दरवर्षी पडतच राहणार, अन् मजूर दरवर्षी कमीच होणार. तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा, अशी आमची विनंती आहे.