इलेक्ट्रिक सायकलची हौस: आधी ब्रेक, मग बाकी सर्व

दहावीच्या निकालानंतर मुलाला सायकल घेऊन द्यायची, ही आपल्याकडची जुनीच रीत. आता ती सायकल बॅटरीवर चालते, एवढाच काय तो फरक. झाशीसारख्या शहरात जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली इलेक्ट्रिक माउंटन बाइक तरुण मुलांना भुरळ न घालती तरच नवल! किल्ल्याच्या टेकडीकडचे चढ दमछाक न होता पार होतात आणि रविवारी मित्रांबरोबर ओरछापर्यंत मजल मारता येते.

पण सायकल घरी येऊन महिना होत नाही, तोच नवी मागणी सुरू होते. ‘‘बाबा, माझ्या मित्राने स्पीड लॉक काढून घेतलं. त्याची चाळीसने पळते. मीही घेऊ काढून?’’

बाबा पैशांचा हिशेब मांडू लागतात. आई मात्र वेगळाच प्रश्न विचारते, ‘‘पळवशील रे, पण थांबवशील कशी?’’

सायकलीवर आणखी खर्च करण्यापूर्वी प्रत्येक घरात हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे.

वेगाची किंमत

आपल्याकडे इलेक्ट्रिक सायकलला नंबर प्लेट लागत नाही की लायसन्स लागत नाही. याचे कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मोटारीची ताकद पाव किलोवॉटच्या मर्यादेत असेल आणि वेग ताशी २५ किलोमीटर होताच मोटारीची मदत थांबत असेल, तरच ती कायद्याच्या दृष्टीने सायकल ठरते. कंट्रोलरमधील लॉक काढले की ही सवलत संपली. मग नोंदणी, विमा, लायसन्स सारेच हवे.

मुलगा अल्पवयीन असेल तर प्रकरण अधिकच गंभीर होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरले जाते. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी गणित सुटत नाही. वेग २५ वरून ४० झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबण्यासाठी सुमारे अडीचपट अंतर लागते. त्यात ही सायकल सहज वीस किलोंच्या पुढे असते. झाशीजवळ देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात. ट्रकांच्या त्या वर्दळीत अडीचपट अंतर मिळेलच, याची खात्री कोण देणार?

मग खर्च कशावर करावा?

पहिला खर्च ब्रेकवर. तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक असतील, तर हायड्रॉलिक ब्रेक बसवून घेता येतात. मात्र ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा सेन्सर जुन्या लिव्हरमध्ये असतो. नव्या लिव्हरमध्येही तो हवाच, हे मेकॅनिकला बजावून सांगा. एवढे बजेट नसेल, तर निदान चांगले ब्रेक पॅड घ्या आणि तार वेळच्या वेळी ताणून घ्या.

दुसरा खर्च टायरवर. बुंदेलखंडात बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. मागच्या चाकात मोटार असली, की वायर सोडवून चाक काढावे लागते आणि साधे पंक्चरही डोकेदुखी होऊन बसते. म्हणून ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या किंवा टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जाड पट्टी बसवा. रोजचे जाणे-येणे डांबरी रस्त्यावरचेच असेल, तर मोठ्या गुट्ट्यांच्या टायरऐवजी मधोमध सपाट असलेले टायर बॅटरी वाचवतात.

तिसरा खर्च दिव्यांवर. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर नियमानेच आवश्यक आहे. त्याबरोबर पुढे-मागे दिवे, घंटी आणि छोटा आरसा लावा. हेल्मेट तर हवेच. मडगार्ड आणि कॅरियर नंतर घेतले तरी चालतील.

बॅटरी मोठी करावी का?

बॅटरीची कुवत काढणे सोपे आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास यांचा गुणाकार केला, की ३६० वॉट-तास मिळतात. पेडल मारत गेले तरी एका किलोमीटरला साधारण १० ते १२ वॉट-तास खर्च होतात. म्हणजे ओरछाला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होताहोताच बॅटरी रिकामी होत येते. मोठी बॅटरी हवीच असेल, तर तिचा व्होल्टेज मूळ बॅटरीइतकाच हवा. ३६ व्होल्टच्या कंट्रोलरला ४८ व्होल्टची बॅटरी जोडली, तर कंट्रोलर जळू शकतो. कुणीतरी घरच्या घरी जुळवलेली स्वस्त बॅटरी तर मुळीच घेऊ नका. तिला आग लागण्याचा धोका असतो.

झाशीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. अर्धा तास सावलीत ठेवून निवू द्या. चार्जर कंपनीचाच वापरा आणि चार्जिंग सर्वजण झोपल्यावर करू नका. घराबाहेर पडायच्या दाराशीही बॅटरी चार्ज करू नका, कारण आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाटच अडते. सायकल धुताना पाण्याचा जोराचा फवारा मोटारीवर आणि वायरींच्या जोडांवर मारू नका.

मुलाची हौस मोडू नका, तिला वळण लावा. त्याला घेऊन एका मोकळ्या मैदानात जा. २५ च्या वेगाने सायकल चालवायला सांगा आणि ठरलेल्या रेघेवर ब्रेक लावायला सांगा. रेघेपासून सायकल किती पावले पुढे जाऊन थांबते, ते त्याचे त्यालाच मोजू द्या. स्पीड लॉक काढायचे की ब्रेक बदलायचे, हा निर्णय मग घरात वाद न होता होईल. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या पावलांतच मिळालेले असेल.