चाकांवरचें घर आणि स्पितीचें खोरें

शास्त्रकारांनीं आयुष्याचे चार आश्रम सांगितले, आणि तिसऱ्या आश्रमांत मनुष्यानें घरदार मुलांवर सोंपवून वनांत जावें अशी व्यवस्था लावून दिली. परंतु घर बरोबर घेऊनच वनांत जाण्याची युक्ति त्यांस सुचलेली दिसत नाहीं. ती सुचली मोटारींच्या युगास. निजावयाची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या मोटारी घेऊन युरोप-अमेरिकेंतील कुटुंबें डोंगरदऱ्यांत मुक्कामास जातात, हें आपण ऐकून आहों. आपल्याकडेही अशा गाड्या आतां भाड्यानें मिळूं लागल्या असून महाराष्ट्र शासनानें इ. स. २०२१ मध्यें या कॅराव्हॅन-प्रवासासाठीं स्वतंत्र धोरण आंखलें. उभा जन्म मुलांस संस्कृताचीं रूपें घोकावयास लावण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याच्या वांट्यास हा नवा वानप्रस्थाश्रम दोन वर्षांपूर्वीं आला. त्यांत जें पाहिलें, आणि स्वतःच्या हट्टामुळें जें भोगलें, तें दोन्ही येथें सांगणार आहें. पाहिलेलें वाचकांच्या करमणुकीसाठीं, भोगलेलें त्यांच्या उपयोगासाठीं.

बिऱ्हाड निघालें

आम्ही निवडलेलें ठिकाण म्हणजे हिमाचल प्रदेशांतील स्पितीचें खोरें. पूर्वेस तिबेटची सीमा, चहूंकडे उघडेबोडके पर्वत, आणि मध्यें स्पिति नदी. सह्याद्रीनें पाऊस अडविल्यामुळें आपला माणदेश जसा कोरडा राहिला, तसाच हिमालयाच्या उंच रांगांनीं पावसाळी ढग अडविल्यामुळें हा प्रदेश कोरडा आहे. वस्ती विरळ, झाडें त्याहून विरळ.

हेंच ठिकाण कां, याचें कारण माझ्या देव्हाऱ्यांत आहे. वडिलांच्या पूजेंतील शाळिग्राम माझ्याकडे आला. तो नेपाळांतील गंडकी नदीचा. शाळिग्रामावरील चक्र हें एका प्राचीन सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा होय, असें भूगर्भशास्त्र सांगतें. जेथें आज हिमालय आहे तेथें कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्र होता. त्याचा तळ वर उचलला गेला आणि ते प्राणी दगडांत राहिले. तशाच चक्रांकित दगडांसाठीं स्पितींतील लांगझा हें गांव प्रसिद्ध आहे. पूजेंतला दगड आपल्या भावंडांसह भूमींत कसा नांदतो, हें एकदां डोळ्यांनीं पाहावें, अशी फार वर्षांची इच्छा होती.

गौरीगणपतींचें विसर्जन आटोपून आम्ही चंदीगडास आगगाडीनें गेलों व तेथें गाडी ताब्यांत घेतली. मी, सौभाग्यवती, धाकटे चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात, अशीं पांच माणसें. परदेशांतील अवाढव्य कॅराव्हॅन या अरुंद रस्त्यांवर चालत नाहींत. म्हणून बारा-पंधरा उतारू नेणारी मोटार आंतून बदलून घेतलेली होती. दोन बाजूंस बाकें, रात्रीं त्यांचेच बिछाने; मागें शेगडी व मोरी; वर पाण्याची टांकी, खालीं सांडपाण्याची. सौभाग्यवतींनीं पहिल्याच दिवशीं एका फडताळांत देवांची स्थापना केली व "आतां हें घर झालें," असें सांगितलें.

सूनबाईंनीं एक कागद दारावर डकविला होता. त्यांत रोजचा मुक्काम व त्याची उंची मांडलेली होती. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर निजावयाची जागा एका दिवसांत पांचशें मीटरहून अधिक चढवूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसावा घ्यावा, हा डॉक्टरांचा नियम तिनें ठळक अक्षरांत लिहिला होता. मी तो वाचला, अक्षर चांगलें आहे असें म्हटलें, आणि विसरलों.

सीमेवरचा रस्ता

सिमल्याहून पुढें सतलज नदीची सोबत लागते. ही वेदांतील शुतुद्री, पुराणांतील शतद्रु. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलांत विश्वामित्र आणि नद्या यांचा संवाद आहे. गाड्या व रथ घेऊन आलेला ऋषि विपाशा आणि शुतुद्री यांस विनवितो कीं, मातांनो, आमच्या आंसांखालीं राहतील इतक्याच भरा आणि आम्हांस पार जाऊं द्या. तो प्रसंग खालीं पंजाबांतला. आम्ही फार वर होतों. तरी चाकांवर बिऱ्हाड घेऊन त्याच नदीच्या कांठानें जातांना, हें सूक्त मुलांना शिकवितांना आपणांस त्यांतील विनवणी कळलीच नव्हती, असें वाटलें. गाडीवान झाल्यावांचून ती कळत नाहीं.

कल्पा येथें दोन रात्री झाल्या. पुढें पूह गांवीं पोंचलों तों नाकोजवळच्या मलिंग नाल्यापाशीं दरड कोसळल्याची बातमी आली. हा नाला त्यासाठींच कुप्रसिद्ध आहे. पूहमध्यें दोन रात्री अडकून राहावें लागलें. ते दोन दिवस माझ्या मनांत कांट्यासारखे सलूं लागले. गाडी परत करण्याची तारीख ठरलेली होती.

वाट मोकळी झाल्यावर खाब येथें स्पिति आणि सतलज यांचा संगम पाहिला. सुमदो येथें चौकी आहे. या वाटेनें जाण्यास भारतीयांस परवाना लागत नाहीं, परदेशीयांस लागतो. ओळखपत्र मात्र सर्वांनीं जवळ ठेवावें आणि पूल व चौक्या यांचीं छायाचित्रें घेऊं नयेत. याच ठिकाणीं पारेचू नदी स्पितीस मिळते. ही नदी भारतांत उगम पावते, तिबेटांत शिरते आणि पुन्हा भारतांत येते. इ. स. २००४ मध्यें तिबेटांत दरड कोसळून तिचा प्रवाह अडला व मोठें तळें झालें. तें जून २००५ मध्यें फुटलें आणि पूर थेट सतलजेच्या खोऱ्यांत उतरला. माणसांनीं आंखलेली रेषा पाण्यास ठाऊक नसते. माणसांची ये-जा मात्र तिनें थांबविली. पूर्वीं या वाटांनीं तिबेटांतील लोंकर व मीठ इकडे येई आणि इकडील धान्य तिकडे जाई. १९६२ च्या युद्धानें तो व्यवहार तुटला.

ताबो हें गांव ३२८० मीटर उंचीवर आहे. तेथील मातीच्या भिंतींचा बौद्ध विहार इ. स. ९९६ मध्यें स्थापन झाला असून तेथील भित्तिचित्रांमुळें त्यास हिमालयांतील अजंठा म्हणतात. अजंठ्यांत आतां पूजा होत नाहीं. येथें हजार वर्षें दिवा तेवतो आहे. रिंचेन झांगपो या विद्वानाचें नांव या विहाराशीं जोडलेलें आहे. यानें काश्मिरांत अध्ययन करून अनेक संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषेंत नेले. संस्कृताचा एक सामान्य शिक्षक या नात्यानें मीं त्या अंधाऱ्या सभामंडपांत मनोमन त्यास नमस्कार केला.

ताबो येथें पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतें. दाबाच्या भांड्यावांचून डाळ शिजत नाहीं. सौभाग्यवतींचें वरण दोनदां बिघडलें. त्या म्हणाल्या, "अहो, इथलं पाणीच कच्चं आहे." हवाही तशीच कच्ची असते, हें तेव्हां माझ्या ध्यानांत यावयास हवें होतें.

लांगझाची संध्याकाळ

ताबो येथें दोन रात्री, काझा येथें तीन, आणि मग लांगझा, असा मूळ बेत होता. बुडालेले दिवस भरून काढण्यासाठीं ताबोहून एकदम लांगझा गांठावें, असा मीं आग्रह धरला. सूनबाई म्हणाली, "मामंजी, ताबो तीन हजार दोनशें ऐंशी आणि लांगझा चार हजार चारशें. हा एका दिवसांत अकराशें मीटरचा चढ होईल." मीं उत्तर दिलें, "विसावा काय काझ्यालाच मिळतो? घर आपल्याबरोबर आहे. लांगझाला पोंचून आपल्याच अंथरुणावर दोन दिवस पडून राहूं." उत्तर मलाच इतकें बिनतोड वाटलें कीं कोणी पुढें बोलूं शकलें नाहीं. घरांतील वडील माणसाचें उत्तर पुष्कळदां बरोबर असल्यामुळें नव्हे, तर वडिलांचें असल्यामुळें बिनतोड ठरतें.

आम्ही लांगझास पोंचलों तेव्हां सूर्य मावळतीस लागला होता. डोक्यांत काझ्यापासूनच घण पडत होते. मीं कोणास सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर गाडी फिरली असती. जेवणावर वासना नव्हती. "दुपारचें जड झालें," असें म्हणून वेळ मारून नेली.

गाडी एका पाटाजवळ उभी केली. चिरंजीव सांडपाण्याची तोटी सोडण्यास वांकला, इतक्यांत शेताकडून एक वृद्ध बाई आली. ती रागावली नाहीं. हिंदींतून म्हणाली, "बाळ, हा पाट खालीं आमच्या मटारांत जातो. जनावरें येथेंच पाणी पितात." बर्फ वितळून येणारें पाणी अशा पाटांनीं आणून त्यावर मटार आणि जव पिकविणारीं हीं गांवें, त्यांस साबणाचें पाणी म्हणजे काय, हें आम्हांस कळावयास हवें होतें. येथें घराघरांतून कोरडे शौचकूप असतात. त्यांत माती टाकतात व त्याचें खत शेतास घालतात. पाण्याचा थेंब जेथें असा जपतात, तेथें टांकी रिकामी करावयाची जागा आधीं विचारावयाची असते. चिरंजीव खजील होऊन हात जोडूं लागला. सौभाग्यवतींनीं "अम्माजी, आंत या" म्हणून तिला गाडींत बसविलें व चहा दिला.

चहा घेतां घेतां ती माझ्याकडे पाहत होती. मग माझ्या मुलास म्हणाली, "तुझ्या वडिलांचा चेहरा बरा नाहीं. यांना खालीं ने." मी म्हणालों, "कांहीं नाहीं, प्रवासाचा शीण आहे." सूनबाई एकदम उठली. तिनें गाडीबाहेर मातींत एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाली, "मामंजी, टांचेला टांच... नाहीं, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टांच लावून या रेघेवरून चाला." जन्मभर मीं मुलांस फळ्याजवळ बोलावून परीक्षा घेतली, आतां मी मातींतल्या रेघेपाशीं उभा होतों. पहिलें पाऊल पडलें. दुसरें रेघेबाहेर गेलें. तिसऱ्यास मी चिरंजीवाच्या अंगावर कोसळलों. नात रडूं लागली.

डोकेंदुखी, मळमळ, निद्रानाश हीं उंचीच्या विकाराचीं आरंभींचीं चिन्हें. तोल जाणें, बोलण्यांत गोंधळ होणें किंवा बसल्या जागीं धाप लागणें हीं प्राणावरचीं. त्यांवर खालीं उतरणें हा पहिला उपाय, आणि तो उजाडेपर्यंत लांबवितां येत नाहीं. पण अंधार पडलेला, वळणावळणांचा अनोळखी घाट, आणि मोठी गाडी! म्हातारीनें आपल्या मुलास हांक मारली. त्यानें आपली जीप पुढें घातली आणि वळणावळणाला थांबून आमच्या गाडीस वाट दाखवीत काझ्याच्या रुग्णालयापर्यंत आणून सोडलें. त्या प्रवासांतलें मला फारसें आठवत नाहीं. सौभाग्यवतींच्या हातांत माझा हात होता, एवढें आठवतें.

तेथें प्राणवायु व औषध देण्यात आलें. पहांटे डोकें हलकें झालें. डॉक्टरांनीं सांगितलें, "आणखी दोन-चार तास वर राहतां, तर सांगतां आलें नसतें." त्याच सकाळीं आम्ही ताबोस व दुसऱ्या दिवशीं कल्प्यास उतरलों.

अनुभवाचे बोल

चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें तीनपंचमांश असतो. प्रत्येक श्वासांत प्राणवायु त्याच मानानें कमी मिळतो. ओळखीचें अंथरूण आणि ओळखीचा देव्हारा यांमुळें त्यांत रतिभरही भर पडत नाहीं. घराला चाकें लावतां येतात, शरीराला लावतां येत नाहींत. त्यास पायरी पायरीनेंच चढावें लागतें. तेव्हां साठी उलटलेल्यांनीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावें, मुक्काम कमी करून दिवस वांचवूं नयेत, आणि मुख्य म्हणजे डोकें दुखलें तर सांगावें. तें लपविणें हें धैर्य नव्हे. तो घरच्या माणसांचा विश्वासघात आहे. थंडीमुळें खिडक्या लावून आंत शेगडी पेटती ठेवून कोणी निजूं नये. तिच्या विषारी वायूस वासही नसतो. आणि गाडी उभी करण्यापूर्वीं गांवांत विचारावें. आपलें घर आपल्याबरोबर असलें, तरी त्याखालची भूमि दुसऱ्याची असते.

चाकांवरचें घर घेऊन निघतांना मला अभिमान वाटला होता तो याचाच, कीं आतां कोणाच्या दारीं जावयास नको. पण शेवटीं मला वांचविलें तें एका परक्या दारानेंच.

लांगझाचे ते दगड मीं पाहिले नाहींत. रोज सकाळीं पूजेंतला शाळिग्राम हातांत घेतों तेव्हां त्या गांवाची आठवण होते, आणि त्यापेक्षां त्या मुलाची अधिक. रात्रभर तो रुग्णालयाच्या पायरीवर बसून होता. सकाळीं मीं पैसे पुढें केले, त्यानें माझी मूठ मिटविली आणि हसून म्हणाला, "पुढच्या वेळीं सावकाश या."