विहिरीवरची टुकटुक

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या सीमाभागात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला. पण पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नात्यातल्या एका लग्नासाठी तिकडे गेलो असता मला आपल्या बेळगावचीच एक आठवण भेटली.

सौंसरजवळच्या एका संत्रा बागायतदाराने पत्र्याच्या पडवीत तीन जुनी ऑईल इंजिने जपली आहेत. एक किर्लोस्कर, एक साताऱ्याचे कूपर, एक विलायती लिस्टर. मी सहज किंमत विचारली, तर ते म्हणाले, "हे विकाचं नाही जी. माह्या बाबाच्या हातचं आहे."

किर्लोस्कर हे नाव वाचून आपला ऊर भरून येणारच. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ऑईल इंजिनांची कंपनी पुण्यात १९४६ मध्ये निघाली. कूपर इंजिनाचे धनजीशा कूपर तर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते.

यजमानांनी लिस्टर चालू करून दाखवले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणून आधी दाब सोडणारा खटका उचलायचा, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा आणि मग खटका पाडायचा. मिनिटाला ६५० फेरे आणि दोन फेऱ्यांत एक स्फोट. म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके. हीच ती टुकटुक! आपल्याकडची हिट्टिन गिरणीही याच तालावर दळायची. पट्टा बदलला की तेच इंजिन विहिरीचे पाणी उपसायचे.

वीज आली, पंप आले आणि मोटेला हटवणारे हे इंजिनच अडगळ झाले. बिडाचे वजन जास्त, त्यामुळे भंगारवाला त्याला चांगला भाव देतो. इंग्लंडमध्ये पॉइंटन गावी जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर अशा इंजिनांचे ॲन्सन संग्रहालय आहे. तिथली इंजिने अजून चालवून दाखवतात. आपल्याकडे मात्र बिडापेक्षाही लवकर हरवते आहे ती हाताची विद्या. खटका नेमका कधी पाडायचा हे कुठल्या पुस्तकात नीट सापडत नाही, ते जुन्या मिस्त्रींच्या मनगटात आहे.

वाचकहो, तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर असे इंजिन असेल तर विकण्याआधी त्याच्या पाटीवरचे नाव, नंबर, अश्वशक्ती वहीत उतरवा. कुणी आणले, कुणी दुरुस्त केले, तेही लिहा; मराठीत लिहा नाहीतर कन्नडात. आणि घरातल्या एखाद्या मुलीला, मुलाला आजोबांकडून हँडल मारायला शिकू द्या. अंगठा मात्र मुठीबाहेर ठेवायला सांगा. हँडल उलटे आले तर बोट मोडते.