ताण तुटलाच नाही

२०२५च्या सप्टेंबरात पावसानं कहर केला. जायकवाडीच्या नाथसागराचे दरवाजे उघडले, शहागडकडं गोदावरी शिवारात शिरली. इकडं वडीगोद्रीत भावाच्या मोसंबीत नुसत्या पावसाचंच पाणी आठवडाभर तुंबलं. ओसरल्यावर पाहिलं, तर पानं पिवळी आणि खोडातून डिंक ओघळलेला. मुळं कुजली होती.

आमच्या पाण्याची गोष्ट मात्र जुनी. १९७६ला जायकवाडी पुरं झालं, डावा कालवा आला, मागोमाग ऊस आला. पुढची पंचवीस-तीस वर्षं भाव आणि पुढाऱ्यांत गेली. मनात रुतून बसलंय ते २०१२पासूनचं दशक.

मोसंबीवाल्याला ताण नवा नाही. आंबेबहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. झाड मलूल होतं, थोडी पानं गाळतं. मग पाणी देऊन ताण तोडला की फूल लागतं. २०१२ला पावसाळ्यानंच ताण दिला आणि तो तोडायला विहिरीत थेंब नव्हता. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं. फूल नाही, म्हणून मधमाश्या फिरकल्या नाहीत. पाखरं टँकरच्या गळक्या तोटीखाली जमायची. आम्ही बादलीनं आळी भिजवली, शेवटी कुऱ्हाड घेतली. उरल्यासुरल्या झाडांना २०१४च्या फेब्रुवारी-मार्चात गारांनी झोडपलं. समुद्रावरची दमट हवा वरच्या गार वाऱ्यांना भिडली आणि मार बसला आमच्या फांद्यांना. २०१५ला पुन्हा कोरड. २०१६ला जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या चुलीत मोसंबीचंच सरपण होतं.

समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५चा. तरी वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतलं हक्काचं पाणी मागायला मराठवाड्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. तो राग आजही आहे. पण सगळं खापर वरच्यांवर फोडता येत नाही. पर्जन्यछायेच्या मुलखात ऊस आम्हीच लावला. गोदेची वाळू पुराचं पाणी धरून ठेवायची, उन्हाळाभर काठच्या विहिरींना झिरपत द्यायची. ती गावोगावच्याच ट्रॅक्टरांनी गेली. आम्ही बांधावर उभे राहून पाहिलं.

२०१२ला बादल्या वाहणारा भाऊ परवा त्याच आळ्यांत पाणी पुन्हा तुंबू नये म्हणून चर खोदत होता. घाम पुसत म्हणाला, "दादा, औंदा ताण द्यावा का?"

मी खोडावरचा डिंक बोटानं पुसत राहिलो.