न्याय्य व्यापार कापूस
न्याय्य व्यापार कापूस : लागवडीचा सरासरी खर्च भरून निघेल अशी किमान किंमत व तिच्याखेरीज सामूहिक विकासासाठी अधिमूल्य देण्याच्या अटीवर उत्पादकांकडून खरेदी केला जाणारा कापूस. अशा कापसाचे कपडे यूरोपच्या बाजारपेठेत २००५ च्या सुमारास येऊ लागले.

विदर्भातील कापसाची शेती मुख्यतः कोरडवाहू आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पूर्वेकडील नागभीड, ब्रह्मपुरी या वनयुक्त तालुक्यांत भाताचे, तर पश्चिमेकडील वरोरा, राजुरा व कोरपना तालुक्यांच्या काळ्या जमिनीत कापसाचे पीक महत्त्वाचे आहे. पेरणीसाठी काढलेले कर्ज फेडण्याच्या निकडीमुळे लहान शेतकऱ्याला वेचणी होताच, मिळेल त्या भावाने कापूस विकावा लागतो. या अडवणुकीतून त्याला सोडविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. पुढे ती तोट्यात गेली व एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचा एकाधिकार संपुष्टात आला.

न्याय्य व्यापारात बाजारभाव किमान किमतीहून अधिक असल्यास बाजारभाव द्यावा लागतो. तो उतरल्यास किमान किंमत कायम राहते. अधिमूल्य व्यक्तीला न मिळता उत्पादकांच्या संघटनेकडे जमा होते आणि त्याचा विनियोग सभासद सभेत ठरवितात. गोदाम, विहीर, शाळा, बियाणे यांसारख्या गरजा त्यातून भागविता येतात. बालमजुरीस मनाई असल्याने वेचणीच्या हंगामात मुलांची शाळा सुटत नाही. वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. मजुरीत स्त्री-पुरुष भेद करण्यास या पद्धतीत मज्जाव आहे. घातक कीटकनाशकांवरील बंदीचा लाभ शेतकरी कुटुंबाच्या आरोग्यास होतो. विदर्भ, तेलंगण व ओडिशा येथील लहान शेतकऱ्यांमध्ये ‘चेतना ऑरगॅनिक’ ही संस्था २००४ पासून अशा प्रकारचे कार्य करीत आली आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. संघटनेचा जेवढा कापूस न्याय्य व्यापाराच्या अटींवर विकला जातो, तेवढ्यावरच अधिमूल्य मिळते. उरलेला कापूस सर्वसाधारण बाजारात जातो. जनुकीय परिवर्तित बियाणे वर्ज्य आहे. परंतु २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर अन्य वाणांचे चांगले बियाणे मिळणे कठीण झाले. पाऊस दगा देतो तेव्हा किमान किंमतही पुरेशी ठरत नाही, कारण विकण्यास कापूसच थोडा असतो. म्हणून या पद्धतीचा टिकाऊ लाभ भावापेक्षा संघटनेत अधिक आहे : एकट्याने बाजारात उभा राहणारा शेतकरी तिच्यामुळे इतरांसह भाव ठरविण्याच्या चर्चेत सहभागी होऊ शकतो.