वाढते नाशिक आणि आपले घर

समाजाच्या परिचय मेळाव्यात मुलांची माहिती वाचली जाते. शिक्षण, गोत्र, उंची, व्यवसाय असे सारे सांगून झाले की मुलीकडच्या मंडळींतून एक प्रश्न हमखास येतो, "मुलगा राहतो कुठे?" येवला, मनमाड, चांदवड, नांदगाव असे उत्तर आले की चेहऱ्यांवरचा उत्साह मावळतो, मग दुकान कितीही चालते असो, घराणे कितीही नावाजलेले असो. "नाशिकला" असे उत्तर आले की पुढची बोलणी सुरू होतात. जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबे शहरात घर करतात, त्यामागे व्यापाराच्या हिशेबाबरोबर या प्रश्नाचाही वाटा असतो. वडील गावातल्या गादीवर आणि मुलगा-सून नाशिकच्या सदनिकेत, अशी विभागलेली घरे आता आपल्याला नवी नाहीत.

या ओढीला चैनीची हौस म्हणून नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. कुठे राहावे हा प्रश्न आपल्या आचार्यांनीही गौण मानला नव्हता. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रसूरींनी 'योगशास्त्रा'त सद्गृहस्थाचे, म्हणजे मार्गानुसारी श्रावकाचे, ३५ गुण सांगितले. न्यायाने मिळवलेले धन हा त्यांतील पहिला गुण. त्याच मालिकेत निवासाचाही विचार आहे. घर फार उघड्यावर नसावे, फार आडबाजूलाही नसावे; बाहेर पडण्याची दारे अनेक नसावीत; शेजार चांगला असावा. उपद्रव असलेले स्थान गृहस्थाने सोडावे आणि खर्च मिळकतीला धरून करावा, असेही ते सांगतात. शहर निवडताना याहून व्यवहार्य कसोटी क्वचितच सापडेल. तीच लावून नाशिककडे पाहू.

व्यापाराचा विस्तृत पाया

१९८२ मध्ये नाशिकची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाख ७७ हजार होती; २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. दहा वर्षांत चार लाख माणसे वाढणे म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीने तितकीच नवी गिऱ्हाइके. परंतु नाशिकचे खरे बळ संख्येत नाही, गिऱ्हाइकांच्या विविधतेत आहे.

तालुक्याच्या बाजारपेठेत बसणाऱ्याला हे लगेच उमगेल. लासलगावला कांद्याचा भाव कोसळला की कापडाच्या, भांड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांतली वर्दळ त्याच आठवड्यात ओसरते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला नाही, तर लग्नाचा बस्ता लहान होतो आणि उधारीची वही जाड होते. नाशिकची बाजारपेठ मात्र एका पिकावर उभी नाही. सातपूर आणि अंबड येथील कारखाने, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे सरकारी मुद्रणालय, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, गोदाकाठी येणारे यात्रेकरू, बाहेरगावचे विद्यार्थी अशा अनेक प्रवाहांचे पाणी या बाजारात येते. एखादा आटला तरी विहीर कोरडी पडत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग पूर्वीपासून आहेच. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. तो सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जात असल्याने विदर्भाची बाजारपेठही जवळ आली आहे.

शिक्षणाचे कारण याहून मोठे आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. महाविद्यालयांची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. घरी जेवून, सूर्यास्तापूर्वी परतून मुलीला पदवी घेता येते, ही गोष्ट चौविहार पाळणाऱ्या आईला किती मोलाची वाटते, हे पुरुषमंडळींच्या हिशेबात सहसा येत नाही.

तीर्थांच्या सान्निध्यात

धर्माच्या दृष्टीनेही ही भूमी परकी नाही. म्हसरूळजवळचे गजपंथ हे दिगंबर परंपरेत सिद्धक्षेत्र मानले जाते. डोंगरावरच्या लेण्यांपर्यंत चारशेहून अधिक पायऱ्या चढून गेलेला भाविक खाली पाहतो, तेव्हा वाढते शहर पायथ्याशी येऊन ठेपलेले दिसते. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्पा'त नाशिकचा आणि येथील चंद्रप्रभस्वामींचा समावेश केला. मुंबई-आग्रा महामार्गावर विल्होळी येथे अलीकडच्या काळातील धर्मचक्र तीर्थ आहे, तर बागलाणातील मांगीतुंगी येथे भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. रविवारी पूजा करून संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला घरी परतता यावे, इतक्या अंतरावर तीर्थ असणे हे भाग्यच.

उपद्रवाची कसोटी मात्र डोळे उघडे ठेवून लावावी. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाणी मोजले जाते आणि ते फार चढले की सराफ बाजार व भांडी बाजारातील व्यापारी माल वर उचलू लागतात. नव्या उपनगरांत पुराचे भय कमी असले, तरी वाहनांची गर्दी आणि कर्जाचे हप्ते आहेत. मिळकतीला धरून खर्च हा गुण शहरात लवकर विसरला जातो. गावात चार खणांच्या वाड्यात सुखी असलेले कुटुंब येथे शेजाऱ्याचे स्वयंपाकघर पाहून आपलेही बदलते. परिग्रह-परिमाणाची खरी परीक्षा इथेच होते.

पायरी आणि पात्र

शेजाराची कसोटी सर्वांत कठीण आहे, कारण ती केवळ शहराची नसून आपलीही आहे.

एका घरातला प्रसंग. नव्या सदनिकेची वास्तू झाली. सुनेने सासूबाईंना लिफ्ट, गच्ची, मुलांचे खेळण्याचे पटांगण असे सारे हौसेने दाखवले. सासूबाईंनी शांतपणे विचारले, "बाई, हे सगळं चांगलं आहे. पण महासतीजी पाचव्या मजल्यावर पायऱ्या चढून आल्या, तर दार उघडायला दुपारी कोण असतं?" सून नोकरीला, मुलगा दुकानात. प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढच्या चातुर्मासात त्या इमारतीतील चार जैन घरांनी मिळून रखवालदाराला समजावले आणि रोज एका घराचे दार उघडे राहील, पक्के पाणी तयार असेल, अशी पाळी लावली. शेजारधर्म असा उभा राहतो; तो सदनिकेच्या खरेदीखतात लिहून मिळत नाही.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. साधू-साध्वी अनवाणी विहार करतात आणि अनेक घरांतून थोडी थोडी गोचरी घेतात. मनमाडहून चांदवडमार्गे नाशिककडे येणाऱ्या वाटेवरची आपली घरे एकेक करून बंद झाली, तर मुक्कामी गोचरी कुठे व्हायची? मग शहरातून डबे पाठवले जातात आणि खास त्यांच्यासाठी केलेल्या आहाराचा दोष त्यांच्या संयमाला लागतो. ज्या चांदवडला १९२८ मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला आणि मागासलेल्या काळात दूरदूरची मुले शिकली, त्या परिसरातील घरांना कुलपे लागणे हे केवळ एका गावाचे नुकसान नाही. आपण शहरात आलो, हा अपराध नव्हे; मागचे दार कायमचे बंद करणे, ही चूक ठरू शकते. भावांपैकी एकाने गावची पेढी चालवावी, विहाराच्या दिवसांत घर उघडे ठेवावे, गावच्या स्थानकाचा किंवा मंदिराचा खर्च शहरातल्या मिळकतीतून नियमाने जावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.

याची परंपरा आपल्याच मातीत आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना अंजनेरी लागते. तेथील जैन मंदिरातील शके १०६३ च्या, म्हणजे इ. स. ११४१-४२ च्या शिलालेखात यादव राजवटीत चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिराला दुकाने दान दिल्याची नोंद आहे. आचार्य हेमचंद्र गुजरातेत होते, त्याच काळातील हा लेख. अंजनेरीची ती पेठ आज नाही. पण बाजारातल्या मिळकतीचा एक वाटा धर्मस्थानाचा, हा हिशेब त्या लोकांनी दगडावर लिहून ठेवला. नाशिकमध्ये नवे दुकान घेताना मुहूर्ताच्या वहीतले पहिले पान आपणही त्यासाठी राखून ठेवावे.