महाडचे डॉक्टर आणि कोकणातला लाल विंचू

रायगड जिल्ह्यातील महाड हे सावित्री नदीच्या काठचे गाव इतिहासाच्या वाचकाला किल्ले रायगडामुळे आणि चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ठाऊक असते. वैद्यकाच्या क्षेत्रात मात्र ते विंचूदंशावरील उपचारासाठी ओळखले जाते, आणि ही ओळख त्याला मिळवून दिली ती आयुष्याचा बहुतेक काळ तेथेच वैद्यकी करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या खेड्यात १९५१ मध्ये एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण पुरे केले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. गावकरी त्यांच्या वडिलांना ‘बॅरिस्टर’ म्हणत, त्यामुळे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘बॅरिस्टरचं कार्टं’ असे आहे.

१९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. जांभ्या दगडाच्या कपारी, गवताच्या गंजी, सरपणाचे ढीग आणि कौलारू घरांचे आढे हे या भागातील लाल विंचवाचे वसतिस्थान असून, उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे शेतीच्या कामांना वेग येतो त्याच दिवसांत, दंशाचे प्रमाण वाढते. वैद्यकीय लेखनात मेसोबुथस टॅम्युलस या नावाने ओळखला जाणारा हा विंचू आकाराने लहान असला तरी जगातील अत्यंत विषारी विंचवांमध्ये गणला जातो. असे असूनही त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाला फारशी जागा नव्हती, आणि नव्या डॉक्टराजवळ स्टेरॉइड, अॅलर्जीवरील इंजेक्शने आणि अॅट्रोपिन यांपलीकडे काही नव्हते. या औषधांनी रुग्ण वाचत नव्हते. अॅट्रोपिनसारखे औषध तर नाडीचा वेग आणखी वाढवून अपायच करी. गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी असे.

बावस्करांनी प्रथम जे केले त्याला उपकरण लागत नव्हते. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले, नाडी, रक्तदाब, श्वास आणि हातापायांची उष्णता यांच्या नोंदी ठेवू लागले, आणि त्या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली: दंशाच्या जागी असह्य ठणका लागून आरडाओरड करणारा रुग्ण बहुधा वाचतो, तर ज्याला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुष असल्यास लिंगाला आपोआप ताठरता येते, तो काही तासांत मरणाच्या दारात जाऊ शकतो. पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना देणारी ही लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाला गावोगावी यश का येत असे, याचाही उलगडा यातून होतो. बहुसंख्य दंशांत केवळ ठणका असतो, तो दिवसभरात आपोआप ओसरतो आणि श्रेय मंत्राला मिळते.

गंभीर रुग्णाच्या शरीरात काय घडते हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या शोधाचे मोल कळत नाही. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. विंचवाचे विष ती उघडीच ठेवते, त्यामुळे मज्जातंतू सतत उद्दीपित राहतात आणि अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन ही संप्रेरके, म्हणजे भीतीच्या वा संकटाच्या वेळी शरीर जी द्रव्ये थोड्या प्रमाणात सोडते तीच, रक्तात लोटली जातात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयाचे स्नायू थकतात, आणि मागे तुंबलेल्या रक्तातील द्रव फुप्फुसात झिरपू लागतो. वैद्यकात याला फुप्फुसशोफ म्हणतात. रुग्णाला धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो आणि तो जणू जमिनीवर राहूनच बुडू लागतो.

सरकारी नोकरीतून पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम. डी. करून बावस्कर महाडलाच परतले. शहरात थांबण्याचा मार्ग मोकळा असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल, कारण या विषयाचे रुग्ण महाडच्या परिसरात होते, पुण्यामुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत नव्हते. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, या विचाराने त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाइनमधून देऊन पाहिले. त्याने रुग्ण वाचू लागले. परंतु ते थेंबाथेंबाने द्यावे लागते, प्रकाशापासून जपावे लागते आणि क्षणोक्षणी रक्तदाब मोजावा लागतो, त्यामुळे आडगावच्या दवाखान्यात त्याचा उपयोग नव्हता. तेच काम तोंडाने घेण्याच्या गोळीने करणारे प्राझोसिन त्यांनी निवडले. उच्च रक्तदाबावरचे हे जुने, स्वस्त औषध नॉरअॅड्रिनॅलिन ज्या ठिकाणी रक्तवाहिनीवर परिणाम करते ती जागाच अडवते. ते ठरावीक अंतराने, हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत द्यायचे आणि उभे राहिल्यावर रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून रुग्णाला निजवून ठेवायचे, एवढीच पथ्ये. प्राझोसिनवरील त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि ३० टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास उतरले. बावस्करांनी नवे औषध शोधले नाही. हाताशी असलेले औषध योग्य रोगाशी जोडले. जे औषध आरोग्य केंद्राच्या कपाटात राहू शकते तेच खेड्यातल्या माणसाला वाचवते, ही जाण त्यामागे होती.

या संशोधनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा वाटा बरोबरीचा असून अनेक लेखांवर दोघांची नावे आहेत. विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर बावस्करांनी आपल्याच उपचाराची परीक्षा घेतली. महाडच्या त्यांच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर झालेल्या या चाचणीत कोणाला कोणता उपचार मिळेल हे केवळ योगायोगावर सोपवले होते, म्हणजे डॉक्टरच्या आवडीनिवडीला त्यात वाव नव्हता. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या औषधाने नाव झाले ते एकटे पुरेसे वेगाने काम करीत नाही, हे स्वतःच सिद्ध करून छापणारे संशोधक विरळाच.

सर्पदंशावरही या दांपत्याने लिहिले. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा मण्यार विशेष घातकी, कारण दंशाची खूण दिसत नाही, वेदनाही नसते, आणि पहाटे पोटदुखी वा ओकारीने जागा झालेला रुग्ण पापण्या जड होऊन श्वास मंदावेपर्यंत पित्ताचा रुग्ण समजला जातो. व्यवसायातील अपप्रवृत्तींबाबतही बावस्कर गप्प राहिले नाहीत. रुग्ण तपासणीसाठी पाठवल्याबद्दल एका केंद्राने धाडलेल्या दलालीच्या धनादेशाची तक्रार त्यांनी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे केली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली.

कोकणात, मराठवाड्यात वा पश्चिम महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाने त्यांच्या कामातून एवढे तरी लक्षात ठेवावे: विंचू चावल्यावर ओकारी झाली, घाम फुटला किंवा हातपाय गार पडले, तर दंशाची जागा कापणे, बांधणे वा विंचू उतरवणाऱ्याची वाट पाहणे यांत वेळ न दवडता रुग्णाला, विशेषतः लहान मुलाला, तत्काळ जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.